जिममधील वैयक्तिक प्रशिक्षक: तीन महिन्यांचा हिशेब

वयाच्या बावन्नाव्या वर्षी जिमची पायरी चढण्याचे माझे कारण अगदी साधे होते. हिशेबनिसाच्या नोकरीत पंचवीस वर्षे खुर्चीत बसून काढल्यावर कंबर धरू लागली होती, आणि मेहरूण तलावावरच्या रोजच्या फेऱ्यांनी दम सुधारला तरी कंबरेची तक्रार जागच्या जागी राहिली होती. हाडांत दोष नाही, स्नायू मात्र दुबळे झाले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले आणि वजन उचलण्याचे व्यायाम एखाद्या जाणकाराच्या देखरेखीखाली करण्याचा सल्ला दिला. त्यानुसार जळगावातील एका मध्यम आकाराच्या जिममध्ये मी मार्च ते मे असे तीन महिने वैयक्तिक प्रशिक्षक घेतला. जिमचे आणि प्रशिक्षकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत.

जिमचे वार्षिक शुल्क वेगळे होते. प्रशिक्षकाचे महिन्याला 5,000 रुपये, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी एक तास. तीन महिन्यांत 36 तास धरले तर तासाला साधारण 417 रुपये पडतात. हा आकडा मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवला होता. सवयीचा भाग.

काउंटरवरच्या मुलाने माझी प्रकृती विचारली नाही, पैसे रोख देणार की मोबाइलवरून एवढेच विचारले. प्रशिक्षकाने मात्र पहिला अर्धा तास केवळ प्रश्नांत घालवला. रक्तदाब किती असतो, गोळ्या कोणत्या चालू आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे का, चालताना छातीत दुखते का, झोप किती लागते, हे सारे त्याने एका शंभरपानी वहीत टिपून घेतले. त्या दिवशी त्याने मला एकही वजन उचलू दिले नाही आणि मी काहीसा नाराज होऊनच घरी गेलो. आज मागे वळून पाहताना तो अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कंबरदुखीचे मूळ त्याने दुसऱ्या दिवशी दाखवून दिले. जमिनीवरची वस्तू उचलताना मी खुब्यातून न वाकता पाठीचा कणा कमानीसारखा वळवत होतो, आणि त्यामुळे मांड्यांच्या मागच्या व नितंबांच्या मोठ्या स्नायूंनी घ्यायचा भार कंबरेवर येत होता. उपाय म्हणून त्याने फरशी पुसण्याच्या दांड्याची काठी आणली, ती माझ्या पाठीवर उभी धरायला लावली आणि डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग व माकडहाड या तिन्ही ठिकाणी काठीचा स्पर्श सुटू न देता वाकायला सांगितले. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात काठी कोठे ना कोठे सुटतच होती. तीन सत्रे आम्ही एवढेच केले. शेजारी वीस-बावीस वर्षांची मुले शंभर किलोचे बार उचलत असताना आपण काठी घेऊन वाकत आहोत याचा संकोच वाटत असे, पण त्यानंतरच्या सत्रात 12 किलोचे केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, हाती आले तेव्हा कंबर गप्प होती आणि मांड्या मात्र बोलत होत्या. मे महिन्याच्या अखेरीस मी 50 किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उभे राहत उचलण्याचा व्यायाम, सलग पाच वेळा, मध्ये विश्रांती घेत अशा तीन फेऱ्यांत (सेटमध्ये), न दुखता करू लागलो. या प्रगतीचे सर्व श्रेय वाढलेल्या स्नायूंना देता येणार नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मेंदू व मज्जातंतू स्नायूंना अधिक नेमकेपणाने कामाला लावू लागल्यामुळे येते, हे प्रशिक्षकानेच सांगितले. ‘आरशात फरक दिसत नाही’ ही माझी तक्रार त्याने एवढ्या एका वाक्यात मिटवली.

पैसे कशाचे मोजतो हेही मला तेथेच उमगले. व्यायामाचे प्रकार मोबाइलवर फुकट दिसतात. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. दमलेल्या माणसाची सातवी बैठक पहिल्या बैठकीपेक्षा वेगळी होते, गुडघे आत झुकतात, टाचा उचलल्या जातात, श्वास रोखला जातो, आणि हे त्याच क्षणी सांगणारा माणूस बाजूला असावा लागतो. जुन्या तालमीत वस्ताद हेच काम करीत असे. आमचा प्रशिक्षक चोपड्याकडचा असल्याने ऐन कष्टाच्या वेळी त्याची प्रमाण मराठी गळून पडत असे आणि ‘खाले, सर, आजून खाले’ एवढेच तो म्हणे. माझ्या बाबतीत कोणत्याही इंग्रजी घोषणेपेक्षा ते अधिक परिणामकारक ठरले.

आहाराच्या बाबतीत त्याची तयारी तोकडी होती. त्याने दिलेला छापील तक्ता बहुधा सर्वांना सारखाच दिला जात असावा. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि सहा अंड्यांचा पांढरा भाग होता. आमचे घर शाकाहारी आहे आणि ज्या जिल्ह्यातील केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्याच्या तक्त्यात केळ्याचा उल्लेखही नव्हता. मी हे बोलून दाखवल्यावर त्याने मोकळेपणाने तक्ता बदलला, ही त्याच्या बाजूची गोष्ट. व्यायामापूर्वी एक केळे, जेवणात कळण्याची भाकरी, घट्ट डाळ, दही, पनीर आणि मोड आलेले मूग असे ठरले. कळण्याच्या पिठात ज्वारीसोबत उडीद असतो; धान्यात कमी असणारा लायसिन हा प्रथिनांचा आवश्यक घटक कडधान्यातून मिळतो, त्यामुळे ही भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा प्रथिनांच्या दृष्टीने सरस आहे. रविवारच्या तळलेल्या बट्ट्यांवर त्याने बंदी घातली नाही, फक्त संख्या विचारली. मी ती एकाने कमी सांगितली.

आता तक्रारी. दुसऱ्या आठवड्यापासून प्रथिनांच्या पावडरचा डबा घेण्याचा आग्रह सुरू झाला. माझे वजन 78 किलो असल्याने दिवसाला 156 ग्रॅम प्रथिने हवीत आणि ती जेवणातून मिळणे शक्य नाही, असा युक्तिवाद होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस सामान्य प्रौढासाठी किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी सुमारे 65 ग्रॅम आहे. वजनांचा व्यायाम करणाऱ्याला त्याहून अधिक लागते हे मान्य, परंतु किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे फारसा लाभ दिसत नाही. पावडर वाईट असते असे माझे म्हणणे नाही. तीच व्यक्ती गरज ठरवते आणि तीच डबा विकते, हे मला खटकले. चरबी मोजणाऱ्या यंत्राचेही तसेच. ते शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधते आणि पाणी कमी-अधिक प्यायल्यानेही आकडा हलतो. तरीही दर सोमवारी त्या आकड्यावर गंभीर चर्चा होत असे.

सर्वांत मोठी तक्रार एप्रिलमधील आहे. उन्हामुळे सगळ्यांनाच सकाळी सहाची वेळ हवी होती, आणि त्या महिन्यातील बारांपैकी पाच सत्रांत माझ्या तासातच आणखी दोघे उभे केले गेले. प्रशिक्षक एकाचा सेट मोजत असताना दुसऱ्याची पाठ वाकत होती, म्हणजे ज्या नजरेचे पैसे दिले तीच तिघांत वाटली गेली. पाच तासांचे 2,085 रुपये होतात हे मी व्यवस्थापकांना कागदावर दाखवले, तेव्हा दोन सत्रे वाढवून मिळाली. उरलेल्या तिन्हींबाबत पावतीमागच्या बारीक अक्षरांतील नियमाकडे बोट दाखवण्यात आले. प्रशिक्षकाचा यात दोष कमी असावा, कारण वेळा तो ठरवत नव्हता. मे महिन्यात मात्र पारा 44 अंशांपलीकडे गेला तेव्हा त्याने स्वतःहून सेट कमी केले, विश्रांतीची वेळ वाढवली आणि घरून मीठ घातलेले ताक आणायला लावले, हे नोंदवणे न्यायाचे होईल.

माझ्यासारख्या पन्नाशीतल्या नवख्याने पहिले तीन महिने प्रशिक्षक घ्यावा, असे मी सुचवीन. पंचविशीतल्या आणि पूर्वी व्यायाम केलेल्या माणसाला एक महिना पुरावा. पैसे भरण्यापूर्वी ज्या वेळी आपण जाणार त्याच वेळी जिममध्ये जाऊन एका प्रशिक्षकामागे किती माणसे उभी आहेत ते मोजावे, आणि त्याच्याजवळ वही आहे का ते पाहावे. एका तासात एकच व्यक्ती ही अट पावतीवर लिहून घ्यावी. जूनपासून मी एकटाच व्यायाम करतो आणि पंधरा दिवसांतून एकदा, 500 रुपये देऊन, त्याच प्रशिक्षकाकडून पाठ तपासून घेतो. एका तासात एकच व्यक्ती, ही अट या वेळी पावतीवर लिहून घेतली आहे.