मुलीच्या चष्म्याचा नंबर, तीन दर आणि कागदावरचे एक गणित

माझ्या बावीस वर्षांच्या मुलीच्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे 4 आणि डाव्याचा उणे 4.5 होता, आणि तो दीड वर्ष स्थिर राहिल्यामुळे गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सोलापुरातच लेसर शस्त्रक्रिया करून घेतली. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. अनुभव मात्र सविस्तर लिहितो, कारण सुरुवातीला आम्ही केवळ दर पाहत होतो आणि ती आमची चूक होती.

पहिल्या ठिकाणी डोळे तपासण्याआधीच दरपत्रक हातात पडले. लेसरच्या तीन पद्धती होत्या: पीआरके 36 हजार, फेम्टो लॅसिक 78 हजार, स्माइल 1 लाख 10 हजार, सर्व दर दोन्ही डोळ्यांचे. स्माइल सर्वांत नवी पद्धत आहे, मग मुलीच्या डोळ्यांसाठी हात आखडता कशाला, असे तेथील समुपदेशक ताईंनी इतक्या आपुलकीने सांगितले की आम्ही आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होतो.

दुसऱ्या ठिकाणी, जिथे पुढे शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी आधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स बंद करायला लावल्या आणि मगच कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, टोपोग्राफी (आकार आणि जाडीची तपासणी) केली. जाडी 496 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरली. साधारण जाडी 540च्या आसपास असते. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे पेनाने गणित मांडले: एका नंबरमागे साधारण 15 मायक्रॉन, म्हणजे डाव्या डोळ्यात जवळपास 68 मायक्रॉन घासले जाणार, लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा थर कापून उचलायची झडप 110ची, खाली उरतात 318. हा आकडा सुरक्षित मर्यादेत असला, तरी पुढे कधी पुन्हा लेसर करावे लागल्यास हाताशी फारसे काही उरत नाही. स्माइलमध्ये झडप नसते, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतली चकती काढतात. पण तीही खोलवरूनच निघते. पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेसर मारतात आणि ती त्वचा काही दिवसांत पुन्हा येते. मुलगी कबड्डी खेळते हे कळताच त्यांनी लॅसिकचा विषयच मिटवला, कारण डोळ्याला जोराचा मार बसल्यास झडप सरकण्याचा धोका असतो. सर्वांत स्वस्त पर्याय, म्हणजे पीआरके, त्यांनी स्वतःहून सुचवला, याचे मला आजही कौतुक वाटते.

पीआरके सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिले तीन दिवस मुलगी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून होती. पाणी थांबत नव्हते आणि मोबाइलचा उजेडही सहन होत नव्हता. पाचव्या दिवशी बँडेज लेन्स (जखम झाकायला डोळ्यावर बसवलेली लेन्स) काढल्यावर आराम पडला, परंतु फलकावरचे बारीक अक्षर स्वच्छ दिसायला महिना गेला. तीव्र उन्हामुळे कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो, म्हणून गॉगल सक्तीचा होता. आपल्याकडचे ऊन आणि धूळ लक्षात घेता हिवाळा निवडला ते बरे झाले. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत तिला नेले नाही. नंदीध्वजांची मिरवणूक तिने ओळखीच्यांच्या गच्चीवरून गॉगल लावून पाहिली.

तक्रार दोन गोष्टींची. दर तपासणीला दोन-अडीच तास बसावे लागले, आणि इथेही पीआरकेचे 36 हजारच सांगितले होते, पण त्यात तपासण्यांचे 2,500, औषधांचे सुमारे 4,000 व गॉगलचे 1,200 धरलेले नव्हते, त्यामुळे खर्च 43,700वर गेला. हे आधी लेखी मागून घ्यावे. आरोग्यविम्याचा आधार धरू नये, 7.5पेक्षा कमी नंबर असल्यास चष्मा घालवण्याचा खर्च पॉलिसीतून वगळलेला असतो.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत उजवा डोळा शून्य आणि डावा उणे 0.25 निघाला. डोळे कोरडे पडण्याचा त्रास मात्र आहे. एप्रिलच्या उन्हात तिला दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात, आणि ती बाटली आता तिच्या कबड्डीच्या पिशवीतच असते.