टचचा की बटणांचा? बाईक आणि डोंगर दोन्हींसाठी हातातला जीपीएस निवडताना

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, सप्टेंबरात स्पितीला जातोय, त्याआधी पावसाळ्यात दोन-तीन गड करायचेत. जीपीएस घ्यायचाय, मोठा टचवाला घेऊ की तो छोटा बटणांचा?" फोनवर पंधरा मिनिटं बोललो, पण त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही. मी हे दोन्ही प्रकार वापरले आहेत. चार इंची टच पडद्याचा दोन वर्षं, आणि सव्वादोन इंची पडद्याचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा बटणांचा त्यानंतर पाच वर्षं. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

फोन पुरत नाही का, हा प्रश्न आधी येतोच. शहरात आणि हायवेवर फोनच उत्तम, त्यावर माझा वाद नाही. पण एप्रिलच्या दुपारी हॅंडलवर लावलेला माझा फोन कराड ओलांडेपर्यंत तापून पडदा काळा करून बसायचा. शिवाय इंजिनाची थरथर. 2021 च्या सप्टेंबरात ॲपलनेच जाहीर केलं होतं की ताकदीच्या मोटरसायकलच्या हॅंडलवर आयफोन लावला तर कॅमेऱ्याच्या स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. आणि लडाखकडे जाणार असाल तर आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. डोंगरात फोनची बॅटरी ही माणसांसाठी राखून ठेवायची गोष्ट आहे, नकाशासाठी नाही. फोन खिशात, कोरडा, बंद असलेला बरा.

आता टचवाल्याची बाजू, आणि ती मनापासून मांडतो, कारण ते यंत्र मला आवडायचं. जानेवारीत कोकणात फिरताना त्याच्यासारखा सोबती नाही. पडदा मोठा, म्हणून आडीवरे-पूर्णगड अशा बारीक रस्त्यांवर पुढची तीन वळणं एका नजरेत दिसतात. गावाचं नाव टाकायचं तर फोनसारखं पटपट टाकता येतं. बटणांच्या यंत्रावर "गणपतीपुळे" लिहायचं म्हणजे छोटी दांडी डावी-उजवीकडे ढकलत एकेक इंग्रजी अक्षर वेचायचं. चहा थंड होतो तोवर. टचवाला गाडीच्या बॅटरीला जोडून ठेवता येतो, बऱ्याच मॉडेलांत हेल्मेटच्या स्पीकरवर आवाजही येतो. रस्ता चुकलो की नवा रस्ता काढायला त्याला फारसा वेळ लागत नाही. नुसत्या पक्क्या रस्त्यांचा विचार केला तर बटणांचं यंत्र त्याच्या जवळपासही येत नाही.

माझं मत बदललं ते एका जुलैच्या संध्याकाळी. पुण्याहून मुळशीमार्गे निघालो होतो, ताम्हिणीच्या अलीकडे निव्याला उजवीकडे वळून पिंपरी-भांबर्डेमार्गे लोणावळ्याला जायचं होतं. पाऊस असा की हेल्मेटची काच उघडी ठेवता येईना आणि बंद ठेवली तर धुक्याने आतून भरून जाई. फाटा जवळ आला असणार असा अंदाज होता म्हणून पडद्याकडे पाहिलं, तर नकाशावर मी कुठेच नाही. पडद्यावर निळा रंग, म्हणजे पाणी, आणि एक रस्ता जो मी कधी पाहिला नव्हता. थेंब पडद्यावर पडत होते आणि यंत्र प्रत्येक थेंबाला बोट समजत होतं. एका थेंबाने नकाशा सरकवला, दुसऱ्याने झूम कमी केला, आणि ओघळ जिकडे जाई तिकडे नकाशा त्याच्या मागे जाई. मी गाडी कडेला घेऊन बोटाने नकाशा मागे आणायला गेलो तर ओल्या हातमोज्याला तो दाद देईना. हातमोजा काढला तर ओल्या बोटाचंही तेच. दोन मिनिटं झटापट केली, मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, आणि मी अंदाजानेच पुढे निघालो. फाटा सुटला. विळ्याच्या दिशेने घाट उतरायला लागलो तेव्हा कळलं, आणि त्या अंधारात परत वर आलो.

घरी आल्यावर यंत्र पुसून पाहिलं तर निव्याच्या आसपास अकरा वेपॉइंट, म्हणजे नकाशावर जागा लक्षात ठेवायच्या खुणा, पडलेले. एकही मी टाकलेला नव्हता. पडद्यावर थेंब थोडा वेळ थांबला की यंत्राला वाटायचं कुणीतरी बोट दाबून धरलंय, की तिथे खूण. ती यादी बघताना मला वाईट वाटलं, कारण त्या यंत्रावर माझा जीव होता.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही तक्रार टच पडद्याच्या जातीची आहे, कुणा एका कंपनीची नाही. हल्लीचे बहुतेक टच पडदे बोटातून होणारा विजेच्या भारातला बदल ओळखतात, आणि पाणीही वीजवाहक असल्याने थेंबाने तोच बदल होतो. दाबाने चालणारे जुन्या पद्धतीचे पडदे थेंबांना फसत नाहीत, हातमोज्यालाही चालतात, पण त्यांचा पडदा उन्हात मळकट दिसतो. पडद्याला कुलूप लावायची सोय असते हे खरं. पण कुलूप लावलं तर झूम करता येत नाही, आणि कुलूप काढायचं तर परत त्याच ओल्या पडद्यावर बोट. नवी मॉडेलं या बाबतीत सुधारली असतील, एखाद्याचा अनुभव चांगलाही असेल. मी मात्र त्यानंतर पावसात टचवर विसंबून निघालेलो नाही.

पुढच्याच महिन्यात बटणांचा घेतला, आणि पहिल्यांदा नेला तो हरिश्चंद्रगडावर, खिरेश्वरच्या वाटेने. ज्यांनी ती वाट पावसाळ्यात केली आहे त्यांना ठाऊक आहे, तोलार खिंडीनंतर रेलिंगचा कातळ चढून वर गेलं की खरी परीक्षा सुरू होते. बालेकिल्ला एका अंगाला ठेवून मंदिरापर्यंत टेकड्या चढत-उतरत जायचं, धुक्यात सगळ्या टेकड्या सारख्या, कातळावरचे बाण पावसाने धुतलेले. यंत्र एका हातात, अंगठ्याखाली झूमचं बटण. बोटं गारठून पांढरी पडली होती, पडद्यावरून पाणी वाहत होतं, आणि नकाशा जागचा हलला नाही. बटण दाबलं की आत काहीतरी टच्‌ करून बसल्याचं बोटाला कळतं, तेवढ्यावरच काम भागतं, बघावंही लागत नाही. मंदिराच्या भिंतीला हात लागेपर्यंत भिंत दिसली नव्हती.

बटणांच्या यंत्रात दोष आहेत, आणि ते पाठीशी घालणार नाही.

पहिला सेलचा. सिंगल सिलिंडरच्या गाडीवर, खडकाळ रस्त्यावर, सेल स्प्रिंगवर उड्या मारतात आणि क्षणभर संपर्क तुटला की यंत्र बंद. तुम्हाला ते दहा किलोमीटरनंतर कळतं. माझा उपाय: सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून सेल आणि झाकणाच्या मध्ये ठेवायची. पाच वर्षांत त्यानंतर दोनदाच बंद पडलं. रिचार्जचे सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार जरूर बदला. ते 1.2 व्होल्टचे असतात, साध्या अल्कलाइनच्या 1.5 च्या हिशेबाने यंत्र त्यांना अर्धमेले समजतं आणि उगाच घाबरवतं. आणि स्पितीच्या थंडीसाठी रिचार्ज न होणारे लिथियमचे चार सेल वेगळे न्या. वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, पहाटे साधे अल्कलाइन सेल तिथे मान टाकतात. पण याच दोषाच्या पोटात मोठा गुण आहे: सेल स्पितीतल्या काझाच्या दुकानातही मिळतात, आतल्या बॅटरीला प्लगच शोधावा लागतो. गार्मिन कंपनीची ईट्रेक्स 22एक्स आणि 32एक्स ही बटणांची यंत्रं दोन सेलवर 25 तास चालतात असं कंपनी सांगते. माझा अनुभव सांगायचा तर दोन दिवसांच्या ट्रेकला एक जोडी पुरते आणि दुसरी न उघडता परत येते.

दुसरा दोष दिशेचा, आणि खरेदी करताना नेमका इथेच लोकांचा घोळ होतो. स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा वेगळं होकायंत्र नसतं. तुम्ही चालत असाल तोवर बाण बरोबर, थांबलात की यंत्राला तुमचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. गाडीवर याने काही अडत नाही. पण धुक्यात माणूस थांबतो तो दिशा बघायलाच. 22एक्स आणि 32एक्समध्ये मुख्य फरक हाच, दुसऱ्यात होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची मोजायची सोय आहे. डोंगरात जाणार असाल तर वरचे पैसे इथे घाला. सेल बदलले की होकायंत्र परत कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे यंत्र हातात फिरवून दिशा जुळवून घ्यावी लागते, आणि पेट्रोलच्या टाकीवर चुंबकाने चिकटणाऱ्या टॅंकबॅगवर ठेवलेलं यंत्र उत्तर दिशा हमखास चुकवतं, हेही लक्षात असू द्या. 2023 मध्ये आलेल्या ईट्रेक्स एसईची बॅटरी 168 तास चालते म्हणून मोहात पडाल, पण त्यात नकाशाच नाही. नुसत्या रेषेवर चालणाऱ्याला ठीक, गाडीवाल्याला नाही.

अरुंद घळींत दोन्ही प्रकार डगमगतात. केळदहून उपांड्या घाटाने कर्णवडीकडे उतरताना माझ्या यंत्राने मला दोनदा शेजारच्या कड्यावर नेऊन ठेवलं होतं. सिग्नल कातळावर आपटून उशिरा येतो, त्याचा हा परिणाम. वर खुंटासारखा अँटेना असलेली गार्मिनच्याच जीपीएसमॅप मालिकेतली यंत्रं अशा ठिकाणी जास्त टिकाव धरतात, तीही बटणांचीच. ती उभी धरायची असतात. सपाट अँटेनावाली आभाळाकडे तोंड करून आडवी. त्या मालिकेतल्या 65 आणि 67 या मॉडेलांत दोन वारंवारितांवर सिग्नल घ्यायची सोय आहे, घाटवाटांचं वेड असेल तर तिकडे बघा. किंमत मात्र खिसा बघून.

नकाशाच्या बाबतीत दोघांत डावंउजवं करायला काही नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या नकाशावरून बनवलेले फुकटचे नकाशे दोन्हींवर चढतात, आणि सह्याद्रीतल्या पुष्कळ वाटा आपल्याच ट्रेकर मंडळींनी तिथे काढून ठेवल्या आहेत. एक सवय मात्र लावून घ्या: वाटेची जीपीएक्स फाइल (वाटेवरच्या बिंदूंची नोंद) यंत्रात "ट्रॅक" म्हणून टाका, "रूट" म्हणून नाही. रूट यंत्र स्वतःच्या अकलेने परत मोजतं आणि तुम्हाला भलत्याच डांबरी रस्त्याने नेतं. ट्रॅक म्हणजे नकाशावर ओढलेली रेघ, ती तशीच राहते. मी रेघ घेऊन निघतो, म्हणून मला आवाज नको असतो, नवा रस्ता काढून नको असतो, आणि टचवाल्याचे अर्धे गुण माझ्या कामाचे उरत नाहीत. तुमची पद्धत वेगळी असेल तर हे गणितही वेगळं.

भाच्याचा आतेभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्याकडून मागवायचा बेत चालला आहे, म्हणून हे ठासून सांगतो. ज्या यंत्रावरून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो, म्हणजे गार्मिनचं इनरीच, किंवा जीपीएसमॅप 67आय सारखी नावापुढे "आय" असलेली मॉडेलं, ती भारतात सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. असं यंत्र जवळ सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत, अगदी गोव्यातही. साधा जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही, त्याची अडचण नाही. तरी सीमेजवळ, लष्करी ठाण्यापाशी मी तोही बंद करून खिशात ठेवतो.

तुमची भटकंती दिवाळीनंतर सुरू होऊन होळीला संपत असेल, बहुतेक डांबरावर असेल, मागे बसणारं माणूस पडदा हाताळणार असेल, तर टचवाला घ्या, आनंदाने घ्या. पण ज्याला जून ते सप्टेंबर घरात बसवत नाही, आणि गाडी पायथ्याला लावून ज्याला वर चढायचं आहे, त्याला मी बटणांचा घे असंच सांगेन. भाचा दुसऱ्या जातीतला आहे.

येत्या शनिवारी तो मुक्कामाला येतोय, रविवारी पहाटे खिरेश्वर. माझा बटणांचा त्यालाच वापरायला देणार आहे. ट्रॅक टाकून ठेवलाय, ट्यूबची पट्टी नवी कापलीय, सेल आजच बदललेत. होकायंत्र मात्र त्याने पायथ्याशी स्वतः फिरवून कॅलिब्रेट करायचं आहे.