मार्केट यार्ड (गुलटेकडी, पुणे): कुठल्या वारी आणि किती वाजता जावं

आमच्या घरी भाजी, फळं, कांदा-बटाटा सगळं मार्केट यार्डातूनच येतं आणि आता माझं पक्कं मत झालंय की तिथे कुठल्या गाळ्यावर घेतलं यापेक्षा कुठल्या वारी आणि किती वाजता घेतलं यावर सगळं ठरतं. नवीन जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, भर गर्दीत जातात, वैतागतात आणि परत जात नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे शनिवारी फळ-भाजी विभागाला सुट्टी असते. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर जी भाजी उभी असते ती बहुतेक शुक्रवारची किंवा त्याआधीची असते, पाणी मारून हिरवीगार दिसते एवढंच. शनिवारी मेथी-कोथिंबीर घेऊच नका, फळभाजीवर भागवा.

आणि सुट्टीमुळेच रविवारी आवक सगळ्यात जास्त. कोथिंबिरीच्या जुड्याच लाखाच्या घरात येतात, आग्र्याचा बटाटा, मध्य प्रदेशातला लसूण, साताऱ्याचं आलं, कर्नाटकातली मिरची, सगळं एका वेळी. निवड करायला रविवारसारखा वार नाही, पण गर्दीही तेवढीच, टेम्पो, हातगाड्या, पाठीवर गोणी घेतलेले हमाल, आणि गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. म्हातारी माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल तर सरळ मंगळवार-बुधवार धरा, माल थोडा कमी असतो पण उभं राहून बघून घेता येतो. दुचाकीवरून जाणार असाल तर भरलेल्या पिशव्या कुठे अडकवणार याचा विचार आधीच करा.

आता वेळ. गाड्या रात्रीपासून लागायला लागतात आणि खरा व्यवहार पहाटे होतो. तेव्हा किरकोळ विक्रेते, हॉटेलवाले, मेसवाले असतात आणि ते पाटीच्या पाटी, गोणीच्या गोणी उचलतात, त्या वेळी अर्धा किलो गवार मागणाऱ्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही, त्यांचा तो धंद्याचा वेळ आहे. घरच्यापुरतं घ्यायचं असेल तर सकाळी आठच्या आसपास जावं, घाई ओसरलेली असते आणि चांगला मालही शिल्लक असतो. अजून उशिरा गेलात तर पालेभाजी आणि पिकलेला टोमॅटो बऱ्याचदा स्वस्त मिळतो कारण तो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून चालत नाही. कांदा-बटाट्याला मात्र थांबून काही फायदा नाही, तो टिकतो, मग विकणारा कशाला भाव सोडेल!

भाव विचारताना एक लक्षात ठेवा, फळभाजीचा घाऊक भाव 10 किलोचा बोलतात आणि पालेभाजीचा शेकडा जुड्यांचा, पेपरमध्ये येतात तेही तसेच. चार घरांनी मिळून 10 किलो टोमॅटो किंवा कांद्याची गोणी घेऊन वाटून घेतली तर खरी बचत होते. एकट्याने दोन किलोसाठी लांबून पेट्रोल जाळून जाण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात जुडी वरून बघून घेऊ नका. देठाकडून हात घालून जरा उघडा, आत बोटांना चिकट लागलं किंवा कुबट वास आला की ती जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडणार, मग ती कितीही स्वस्त असू दे. टोमॅटोचंही तेच, एका गाळ्यावर वरचा थर लालबुंद आणि खाली हिरवट-मऊ माल निघाला होता, तेव्हापासून मी क्रेट तळापर्यंत बघितल्याशिवाय पैसे काढत नाही आणि बहुतेक जण बघूही देतात.

वर्षाचा हिशोबही डोक्यात असू द्या. श्रावणात भाजीला मागणी वाढते, पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा चढतो, मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आधी फळं महागतात, तेव्हा पूजेची फळं बुधवारी न घेता दोन-तीन दिवस आधीच आणावीत. मटार डिसेंबर-जानेवारीत पोतंभर आणून सोलून फ्रीजरला टाकावा, त्या वेळचा मटार गोड असतो, शेंग बोटाने दाबली की टचकन फुटते. हापूसची घाई मार्चमध्ये करू नका, अक्षय्य तृतीयेची गर्दी उलटून गेली की पेटीचे भाव खाली यायला लागतात आणि आंबाही झाडावर नीट तयार झालेला असतो. तुमकूरकडचा आंबाही हापूस म्हणून समोर ठेवतात, तो वाईट नसतो पण रत्नागिरीच्या भावाने घेऊ नका, स्पष्ट विचारा.

ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांच्यासाठी शेतकरी आठवडे बाजार आहेत, 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायला मोकळीक मिळाली, तेव्हापासून ते शहरात बरेच वाढलेत. यार्डाइतकं स्वस्त नाही पण भाजी ताजी असते आणि ऑफिस करून येणाऱ्यांना संध्याकाळी परवडतं. महात्मा फुले मंडई मला मनापासून आवडते, 1886 ची ती वास्तू, मधला मनोरा, आणि आता मेट्रो थेट मंडईला उतरवते. पण तिथे किलो-दोन किलोचं किरकोळ घ्यायला जावं, साठवणीसाठी यार्डच.

माझ्याकडून यार्डाला पाचपैकी चार. एक गुण कापला तो चिखलासाठी आणि सडलेल्या पाल्याच्या ढिगांसाठी, एवढ्या मोठ्या बाजारात सफाई याहून पुष्कळ चांगली हवी, तिथे रात्रभर राबणाऱ्या हमालांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी तरी. जाताना जुनी चप्पल घाला, कापडी पिशव्या जास्तीच्या घ्या आणि कोथिंबीर-मेथीची पिशवी वेगळी ठेवा, बटाट्याखाली गेली की संपली.