कानाचं मशीन: पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

कानाला मशीन घ्यावं की न घ्यावं, या विचारात जे महिनोन्‌महिने अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यांच्या घरच्यांनी तर नक्कीच वाचावं. मशीन एकाच्याच कानात बसतं, पण त्याचा खरा उपयोग होतो की नाही हे बरंचसं आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यावर ठरतं. इतके महिने वापरल्यावर माझं सगळ्यात पक्कं मत झालंय ते हेच.

आधी माझ्या कानांबद्दल. दोन्हीकडे नसांचा बहिरेपणा, हळूहळू वाढत गेलेला. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, उजव्या कानाचं नुकसान ५८ डेसिबल निघालं, डाव्याचं ६३. आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकणं कमी. आलेख उतरता, म्हणजे खालच्या पट्टीतलं बऱ्यापैकी ऐकू येतं आणि वरच्या पट्टीतलं जवळजवळ गायब. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, ख, फ, थ या व्यंजनांचा आवाज उंच आणि क्षीण. त्यामुळे अशा माणसाला कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. मी पतसंस्थेत काउंटरला बसते. ‘साठ हजार’ आणि ‘आठ हजार’ मला एकसारखंच ऐकू यायचं, म्हणून मी प्रत्येकाकडून आकडा स्लिपवर लिहून घ्यायचे. ‘हिला पाहिजे तेवढंच ऐकू येतं’ हे वाक्य मी माहेरी ऐकलंय, सासरी ऐकलंय आणि कामावरही. ते म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. एखादा शब्द कळतो आणि पुढचा नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याला ढोंगच वाटणार. पण कारण हे असं आहे आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

मशीन घेतलं ते कानामागे बसणारं, डिजिटल, कानाच्या मापाचा साचा, म्हणजे मोल्ड, करून. एका कानाचे साडेसत्तावीस हजार. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, हे बिल करताना लक्षात ठेवा. चार्जिंगचं मॉडेलही होतं, पण मी सेलवालं घेतलं, कारण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि सेल पर्समध्ये ठेवता येतात.

पहिले दोन-तीन आठवडे फार कठीण जातात, आणि हे आधी कुणी नीट सांगत नाही. घरच्यांना वाटतं, चष्मा लावला की त्याच दिवशी दिसायला लागतं, तसंच हे. तसं अजिबात नाही. कित्येक वर्षं वरच्या पट्टीतले आवाज मेंदूपर्यंत पोचलेलेच नसतात. ते एकदम यायला लागले की सगळं सारख्याच महत्त्वाचं वाटतं. पंख्याची घरघर, स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट, पिशवीचा चुरचुर आवाज आणि या सगळ्यात मुलीचं बोलणं. स्वतःचा आवाज टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. माझ्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या ताईंनी, मोल्डमधलं हवेचं छिद्र थोडं मोठं केलं, तेव्हा तो त्रास कमी झाला. त्यांनी सुरुवातीला आवाजही मुद्दाम कमीच ठेवला होता आणि पुढच्या प्रत्येक भेटीत थोडा थोडा वाढवला. सुरुवातीला घरात, शांत खोलीत, दिवसातून दोन-तीन तास घालायचं आणि मग वेळ वाढवत न्यायची. कितीतरी मशीनं याच काळात कपाटात जातात आणि परत बाहेर येत नाहीत. सेटिंगसाठी परत जायचा कंटाळा करू नका. त्या भेटींचे पैसे बहुतेक वेळा किमतीत धरलेलेच असतात.

आता काय ऐकू येतं ते सांगते. समोरासमोर एक माणूस असेल, अंतर हातभर-दोन हात असेल आणि मागे गोंगाट नसेल, तर जवळपास सगळं कळतं. काउंटरवर आकडा विचारावा लागतो, पण पूर्वीच्या मानाने फार कमी. टीव्हीवरच्या बातम्या कळतात, मालिका नाहीत, कारण तिथे बोलण्याच्या मागे सतत संगीत असतं. दुसऱ्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस सुरू झाल्याचं खिडकीकडे न बघता कळलं, त्या दिवशी मी वाळत घातलेले कपडे वेळेत आत आणले आणि मला विलक्षण आनंद झाला.

काय येत नाही तेही सांगायला हवं. मंगल कार्यालयात मशीन घालून बसणं म्हणजे शिक्षा. उंच छत, फरशी, उघड्या भिंती, त्यात स्पीकर. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि शब्दांवर शब्द चढतात. एसटी स्टँडवरच्या घोषणेचंही तेच. तीन-चार जण एकाच वेळी बोलत असले की मी एकाकडे वळेपर्यंत बोलणं दुसऱ्याकडे गेलेलं असतं. महागड्या मशीनमध्ये समोरचा आवाज उचलून मागचा दाबायची सोय जास्त चांगली असते, पण तिलाही मर्यादा आहेत. मशीनचा माईक कानापाशी असतो आणि मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. स्वयंपाकघरातून हाका मारल्या तर लाखाचं मशीनही काही करू शकत नाही.

आणि आता ओरडण्याबद्दल. ऐकू न येणाऱ्याशी ओरडून बोलावं, हा समज मुळातून चुकीचा आहे. नसांच्या बहिरेपणात बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच मोठा लागतो, कधी दुखतोही. ऐकू येणं आणि दुखणं यांच्यातली जागा अरुंद झालेली असते. मशीन सगळे आवाज त्या अरुंद जागेत बसवायला धडपडतं आणि समोरचा ओरडला की ती सगळी मांडणी बिघडते. शिवाय ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत. म्हणजे मला नको ते वाढतं आणि हवं ते मागे राहतं. चेहरा वेडावाकडा होतो, ओठांवरून जे कळायचं तेही जातं. मग बोलणारा चिडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी गुन्हा केलाय.

त्यापेक्षा जवळ या. आधी नाव घ्या, मी वळले की बोला. उजेडात उभे राहा, खिडकीला पाठ करू नका. थोडं सावकाश बोला. एकदा नाही कळलं तर तेच वाक्य परत म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा. ‘शेजारच्या काकू आल्या होत्या’ नाही कळलं, तर ‘दुपारी पाटीलकाकू घरी आल्या होत्या’ म्हणा. विषय बदलला तर तेवढं सांगा. माझी मुलगी आता ‘आई, कॉलेजचं बोलतेय’ असं म्हणून सुरुवात करते, आणि त्या तीन शब्दांनी माझं निम्मं काम होतं. सासूबाई सगळ्यांच्या आधी शिकल्या. ‘इकडं बघ गं’ म्हटल्याशिवाय त्या बोलत नाहीत. जेवताना टीव्ही बंद, ही मात्र मी घातलेली अट आहे, आणि ती सगळे पाळतात.

एक वाक्य मात्र कुणीही कुणाला म्हणू नये: ‘जाऊ दे, काही विशेष नाही.’ सगळे हसलेले असतात, मी विचारते काय झालं, आणि हे उत्तर येतं. ते विशेष होतं की नाही हे मला ठरवू द्या. बहिरेपणात माणूस आवाजाला जेवढा मुकत नाही तेवढा या वाक्याने घरातल्या बोलण्याला मुकतो, आणि हळूहळू विचारायचंच सोडून देतो. किती घरांत आजी-आजोबा असे कोपऱ्यात गप्प बसलेले असतात! त्यांना एकटं बसायची आवड आहे, असं आपण ठरवून टाकतो. आपल्या नाटकांत बहिरे आजोबा आले की हमखास हशा. मला आता त्या हशात सामील होता येत नाही.

बाहेरच्या जगात आपल्याला अजून बरंच शिकायचंय. एका कार्यालयात टोकन नंबर फक्त स्पीकरवरून पुकारत होते, फलक बंद होता. मी खिडकीवर सांगितलं की मला ऐकायला कमी येतं, तर तिथले गृहस्थ हातवारे करायला लागले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण सांकेतिक भाषा हे कर्णबधिरांच्या एका मोठ्या समाजाचं स्वतंत्र, पूर्ण माध्यम आहे आणि मला ती येत नाही. उतारवयात किंवा मध्यम वयात ऐकणं कमी झालेल्या माझ्यासारख्या बहुतेकांना येत नाही. आम्हाला लिहिलेलं हवं असतं. पाटीवर आकडा आला असता तर प्रश्नच मिटला असता, माझाही आणि तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांचाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय. त्यात ‘ऐकायला कमी येणारा’ धरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचं नुकसान हवं आणि त्यापुढे ‘बधिर’. माझा उजवा कान दोन डेसिबलने अलीकडे राहतो. जागतिक आरोग्य संघटना बऱ्या कानातलं नुकसान ३५ डेसिबलच्या वर गेलं की ते दैनंदिन जीवनात अडथळा आणणारं धरते आणि असे ४३ कोटी लोक जगात आहेत असं सांगते. या ३५ आणि ६० च्या मधल्या माणसांकडे प्रमाणपत्र नसतं आणि दिसणारी खूणही नसते. दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी भाषणं होतात, ती चांगलीच आहेत, फक्त पडद्यावर बोललेलं लिहून दिसेल एवढी सोय तिथे असावी, ही माझी मनापासून मागणी आहे. फोनमधलं गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणं बऱ्यापैकी लिहून दाखवतं आणि फुकट आहे. डॉक्टरकडे जाताना मी ते टेबलावर चालू ठेवते. गावाकडची बोली आणि वेगाने बोलणारा माणूस असेल तर ते गडबडतं.

देखभालीचं: सेलवरचं स्टिकर काढल्यावर दोन-चार मिनिटं हवा लागू द्या, मग घाला. स्टिकर परत लावून सेल जपता येत नाही. सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर जीवावर बेततं. दमट हवेत रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. कानात तेल घालायची सवय असेल तर ती बंद करा. हेल्मेट घातलं, डोक्यावर पदर घट्ट घेतला, की मशीनमधून शिट्टी वाजते. मोल्ड सैल झाला तरी वाजते, तेव्हा नवीन माप द्यावं लागतं. मोल्डची नळी काही महिन्यांनी कडक होते, ती बदलून घ्यायची, खर्च किरकोळ आहे.

दुसऱ्या कानाचं नंतर घेतलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. दोन्ही कानांनी दिशा कळते, रस्त्यावर हॉर्न कुठून आला ते कळतं, म्हणून जमत असेल तर दोन्ही घ्या. तपासणी दुकानात फुकट करून मिळते म्हणून तिथेच थांबू नका. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण काही वेळा मळ, पडद्याचं भोक किंवा हाडाचा दोष असतो आणि इलाज वेगळा असतो. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती १९८३ पासून हेच काम करतेय. आणि मशीन बसवायला जाताना घरातलं ज्याच्याशी सगळ्यात जास्त बोलता ते माणूस सोबत न्या. ऑडिओलॉजिस्टना सांगा की सेटिंग करताना यांना बोलायला लावा, आणि काय कळलं, काय नाही, ते तिथेच त्यांच्यासमोर सांगा.