कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्रॅकेटिंग करावं की एकच रॉ पुरते?

कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे उघडतं. दुपारनंतर दर्शनी गवाक्षातून ऊन आत येतं, बाजूच्या खांबांमागे मात्र काळोखच राहतो. आतून गवाक्षाकडे पाहत फोटो काढायचा, तर समजा ॲपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर आकाश टिकवायला १/५०० सेकंद हवा आणि खांबांमागच्या भिंतीला अर्धा सेकंद. मध्ये आठ स्टॉपची दरी; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ही दरी एकाच रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, भरायची, की ब्रॅकेटिंग करून, म्हणजे कमी-जास्त एक्सपोजरच्या अनेक फ्रेम काढून त्या नंतर जोडायच्या?

एकच रॉ काढणारा १/५०० ला थांबतो आणि सावल्या घरी संगणकावर उचलतो. अलीकडच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात तीनेक स्टॉप मी निर्धास्तपणे उचलतो. त्यापुढे दगडाचा पोत विरघळतो, रंगीत ठिपके (नॉइज) वर येतात. स्लायडर कितीही ओढला, तरी सेन्सरवर न पडलेला प्रकाश परत मिळत नाही. उलट दोन स्टॉप जास्त एक्सपोजर दिलं, की चौपट प्रकाश पडतो आणि नॉइजच्या तुलनेत सिग्नल साधारण दुप्पट स्वच्छ होतो. ब्रॅकेटिंगचा खरा फायदा हाच. छताच्या त्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या लाकडी कमान्या नीट टिपायच्या असतील, तर मी दुसरा विचार करत नाही.

पण उणे दोन, शून्य, अधिक दोन असा ठरलेला संच डोळे मिटून मारू नका. मीटरने मधली फ्रेम आतल्या अंधारावर बेतली, तर सगळ्यांत काळ्या फ्रेममध्येही आकाश जळलेलं निघतं. आधी हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) पाहून आकाश शाबूत राहील असा शटर शोधा आणि तिथून वर चढा: १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२. ॲपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हलू द्यायचा नाही. ॲपर्चर बदललं की फ्रेमगणिक डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र सुस्पष्ट दिसतं ते, बदलते.

अडचण आहे ती माणसांची. चैत्यगृहाला लागूनच एकवीरा आईचं देऊळ आहे, त्यामुळे रविवारी गर्दी ठरलेली. अर्ध्या सेकंदात चालणारा माणूस धूसर होतो, आणि पाच फ्रेम जोडल्यावर त्याची भुतं उमटतात. डीघोस्ट केलं, म्हणजे ती भुतं सॉफ्टवेअरने पुसली, तरी त्या जागी एकाच फ्रेमचा नॉइज उरतो, म्हणजे मेहनत तिथे वायाच. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. ती नसेल, तर सॅक जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. कोरीव खांबाला कॅमेरा टेकवू नका, ही कळकळीची विनंती.

भाविक, नाचती पोरं, उडणारे पक्षी हाच तुमचा विषय असेल, तर एकच रॉ घ्या आणि काळोख काळाच राहू द्या. फोनचा एचडीआर (फोन अनेक फ्रेम आपोआप जोडतो तो मोड) सोशल मीडियापुरता उत्तम, मोठ्या प्रिंटला मी तो वापरणार नाही. रिकामं चैत्यगृह हवं असेल, तर आठवड्याच्या मधल्या वारी जा, पाचही फ्रेम रॉमध्येच काढा. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्यावर मिळणारी फाइलही डीएनजी, म्हणजे रॉसारखीच, असते, त्यामुळे रंग आणि उजेड नंतर सावकाश बसवता येतो.