प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर: वॅट खरे, कार्बनचं बटण शोभेचं

वीजबिलात शेवटी एकच आकडा येतो, त्यातलं कुठल्या वस्तूने किती खाल्लं ते काही कळत नाही, म्हणून हा छोटा मीटर मागवला. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा लावायचा, ह्याच्यात वस्तूचा प्लग, बस्स. वायफाय नाही, ॲप नाही, अकाउंट उघडा म्हणत नाही, आजकाल एवढ्यासाठीच अर्धा स्टार जास्त द्यावासा वाटतो. बटण दाबत गेलं की व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले ॲम्पिअरमधला किती भाग खरोखर वापरला जातो तो आकडा), एकूण युनिट आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइडचे किलो. बॉक्सवर हिरवं पान काढून सगळी जाहिरात ह्या शेवटच्या आकड्याचीच केलीय आणि नेमका तोच कच्चा आहे, त्यावर येतोच.

वॅटचं काम मात्र चोख. स्वस्तातले काही मीटर नुसता व्होल्ट गुणिले ॲम्पिअर करून मोकळे होतात, मग एलईडी आणि चार्जरसारख्या वस्तू आहेत त्यापेक्षा जास्त वीज खाताना दिसतात. हा पॉवर फॅक्टर धरतो. तपासायचं असेल तर इस्त्री लावा, पॉवर फॅक्टर १ च्या आसपास यायला हवा, ह्याच्यावर आला; एलईडी किंवा चार्जरला मात्र तो कमी दिसायला हवा. एक वॅटच्या खाली आकडा नाचतो, पण त्याने बिघडत नाही. फोन न लावलेला चार्जर ०.१ वॅट घेतो धरलं तरी वर्षभरात एक युनिटसुद्धा होत नाही! चार्जर काढा, पृथ्वी वाचवा हे किती वर्षं ऐकतोय आपण. त्यापेक्षा नुसतं पडून १० वॅट घेणारा जुना सेट-टॉप बॉक्स बघा, वर्षाला ८७ युनिट. नव्या वस्तूंचं स्टँडबाय बरंच कमी झालंय, युरोपात तर २०१३ पासून बहुतेक वस्तूंना अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, तेव्हा शोधायचेच तर जुने खोके शोधा.

फ्रिज लावला तर पाच मिनिटांत निष्कर्ष काढू नका, कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, बर्फ वितळवणारा डीफ्रॉस्टचा हीटर मधेच लागतो, निदान एक दिवस-रात्र ठेवा आणि एकूण युनिट वाचा, वॅट नाही.

खरे डोळे उघडतात ते पाणी तापवताना. दिवे, टीव्ही, राउटर ह्यांच्यावरून घरात भांडणं होतात आणि हीटर, गिझर, ड्रायर निवांत असतात. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं म्हणजे अर्धा युनिट गेला, हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही कंपनीचा साधा कॉइलचा गिझर घ्या त्याच्या खाली जाणार नाही. तेवढ्यात ८ वॅटचा राउटर अडीच दिवस चालतो. आणि ती वीज कोळशाची असेल तर अजून वाईट, कारण साध्या कोळशाच्या केंद्रात जाळलेल्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच वीज बनते, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते, आणि एवढं सगळं करून आपण त्या विजेची घरी परत उष्णताच करतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटची उष्णता देतो. हा मीटर घेऊन मला एकच गोष्ट पटली असेल तर ती ही, की आधी गरम करणाऱ्या वस्तू बघायच्या.

आता ते कार्बनचं बटण. आत काय होतं, तर एकूण युनिटला कारखान्यातून भरून आलेल्या एका ठरलेल्या आकड्याने गुणतात, एवढंच. सेटिंगमध्ये तो बदलता येतो पण ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, कोण वाचतंय. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड, गॅसच्या युनिटमागे साधारण त्याच्या निम्मा, आणि पवनचक्की किंवा सोलरचा अख्खा जीवनकाळ धरला तरी साधारण दहा ते पन्नास ग्रॅमच. म्हणजे हाच मीटर नॉर्वेत लावा, जिथे जवळजवळ सगळी वीज पाण्यावर होते, किंवा पोलंडमध्ये लावा जिथे कोळसा अजून खूप आहे, सेटिंगला हात लावला नाही तर स्क्रीनवर किलो तेवढेच! देश सोडा, एकाच ग्रिडवर भर दुपारी सोलर जोरात असतो आणि संध्याकाळी सूर्य गेला की गॅस आणि कोळसा चढतो. ब्रिटनमध्ये ग्रिड चालवणारी संस्था दर अर्ध्या तासाचा कार्बनचा अंदाज फुकट देते, म्हणजे हे करता येत नाही असं नाही. ह्या डबड्याला साधं घड्याळसुद्धा नाही, मग युनिट दुपारचं की रात्री आठचं हे त्याला कसं कळणार.

आणि हे नुसतं कार्बनपुरतं नाहीये. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युरोपात गॅस महागला तेव्हा पवनचक्क्यांची वीजही महाग झाली, कारण तिथल्या बाजारात त्या तासाला लागणाऱ्या सगळ्यात महागड्या केंद्रावर भाव ठरतो आणि ते बहुतेक वेळा गॅसचं असतं. असा तासातासाला बदलणारा भाव जिथे ग्राहकालाही लागतो तिथे वेळ कळणारा मीटर खिशालाही कामाचा असता.

अजून एक, फ्रिज आणि एसीत थंडावा करणारा जो गॅस भरलेला असतो तो हा मीटर बघूच शकत नाही. जुन्या फ्रिजमधला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो, १०० ग्रॅम गळला तर शंभर किलोच्या वरचा हिशोब झाला आणि स्क्रीनवर शून्य. २०१६ च्या किगाली करारात असल्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय, नव्या फ्रिजमध्ये बऱ्याचदा आर-६००ए असतो, त्याचा परिणाम नगण्य. फ्रिज भंगारात देताना गॅस नीट काढून घेणारा माणूस शोधा.

वॅटसाठी ५ पैकी साडेचार, कार्बनसाठी १, तोही आकडा बदलता येतो म्हणून. घेण्याआधी किती ॲम्पिअर झेपतात ते बघा, मोठा हीटर लावून प्लग गरम लागला तर लगेच काढा. स्क्रीनला लाइट नाही, सॉकेट खाली असेल तर आडवं झोपून आकडे वाचावे लागतात, सोबत छोटी एक्स्टेंशन घ्याच.