यामाहा सी-४०, जेवणाचा पाट आणि अवेळी भोंडला

परळच्या आमच्या चाळीत रात्री साडेदहानंतर कुकरची शिट्टीसुद्धा शेजारी मोजतात. त्यामुळे गिटार घेताना मला पहिली काळजी आवाजाची. दादरच्या एका दुकानातला पोरगा मात्र "काकी, कॅम्पफायरला स्टीलच्या तारांचीच वाजते" म्हणत भलतीच गळ्यात मारत होता. चाळीत कसला आलाय कॅम्पफायर? होळी पेटते तेवढीच. शेवटी नायलॉनच्या तारांची यामाहा सी-४० घेतली. आठ महिने झाले.

त्याआधी भाच्याच्या स्टीलच्या गिटारवर हात मारून पाहिला होता. आठवड्यात बोटं सोलवटली आणि जुलैत तारांना गंज चढला. नायलॉनच्या तीन बारीक तारांना गंजाचं भयच नाही. खर्जाच्या तिघींवर धातूची गुंडाळी असते, त्या काळवंडतात. वाजवून झालं की पुसायच्या. नव्या तारा ताणत राहतात, म्हणून पहिले काही दिवस गिटार दर दहा मिनिटांनी उतरते. मी घाबरून ट्यूनरचीच, म्हणजे सूर जुळवायच्या यंत्राचीच, बॅटरी बदलली होती!

पैसे वसूल झाले ते मानेच्या रुंदीत. नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, ५२ मिलिमीटर. तारांमध्ये ऐसपैस जागा, त्यामुळे नवशिक्याचं बोट शेजारच्या तारेवर आदळत नाही. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ) धरायची, अंगठा पाचवी-चौथी तार, पाचवी-चौथी (बारीक तारेकडून मोजायचं) असा जात्यासारखा फिरवत ठेवायचा आणि वर तर्जनी-मधल्या बोटाने चाल काढायची. भोंडल्याची गाणी मोजक्या सुरांत फिरतात, म्हणून मी 'ऐलमा पैलमा'पासून सुरुवात केली. सी आणि जी सेव्हन, दोन कॉर्डवर भागतं. तिसऱ्या आठवड्यात आई आतून ओरडली, "अगं, चैत्रात कसला भोंडला?" चाल ओळखू आली होती!

मग अमेरिकन लोकगायिका एलिझाबेथ कॉटन यांचं 'फ्रेट ट्रेन' (मालगाडी) हे गाणं घेतलं. बाई डावखुऱ्या, गिटार उलटी धरायच्या. खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने. त्यात एफ कॉर्ड येतो, आणि इथेच ही रुंद मान नडते. निमुळत्या मानेवर डावा अंगठा वरून वळवून सहावी, सगळ्यात जाड तार दाबता येते, माझा काही पोहोचत नाही. मी चारच तारांचा एफ धरते आणि खर्ज चौथीवरून चालवते. थोडा पोकळ वाटतो, पण लय मोडत नाही. लहान हातांच्या मुलांना घेणार असाल तर आधी दुकानात धरायला लावा.

पट्ट्याला खुंटी नाही, बसूनच वाजवायची. डाव्या पायाखाली जेवणाचा पाट घेतला की मान बरोबर वर येते. फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेच्या ज्या पट्टीवर बोटं दाबतात तिच्यावर, ठिपके नाहीत, म्हणून पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (आडव्या धातूच्या पट्टीच्या) कडेला मी व्हाइटनर लावलाय. आणि कुणी कितीही सांगो, हिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका. त्यांच्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा खाली बांधतात ती लाकडी पट्टी, उखडेल.

आता एफच्या आधी थांबायची खोड मोडायची आहे. पाट मात्र सणावारी परत द्यावा लागतो.